भरलेली पिकअप रस्त्यात बंद पडते तेव्हा: डिझेल संपले, अडले की बिघाड दुसराच?

पश्चिम द्रुतगती महामार्गावर अंधेरी ओलांडून विलेपार्ल्याच्या उड्डाणपुलाचा चढ लागला, की भाजीने भरलेली पिकअप गचके खाऊ लागते, ओढ सोडते आणि बंद पडते. पाच-दहा मिनिटांनी सेल्फ मारला की पुन्हा सुरू होते, दोन किलोमीटर जाते आणि परत तेच. टाकीचा काटा मात्र पाव टाकी दाखवत असतो. मुंबईत स्वतः माल आणणाऱ्या अनेक शेतकऱ्यांना ही तक्रार ओळखीची आहे.

२०१६ मध्ये राज्यात फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाला. त्यानंतर शेतकरी आठवडे बाजार आणि गृहनिर्माण सोसायट्यांमधील थेट विक्री वाढली. डहाणू-घोलवडचा चिकू, वसईची भाजी, नाशिक-जुन्नरची मेथी-कोथिंबीर शेतकऱ्यांच्या आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या गाड्यांतून उपनगरांत येते. त्यामुळे गाडीची जबाबदारीही आता शेतकऱ्यावर आली आहे. पहाटेची गाडी तीन तास उशिरा पोहोचली तर पालेभाजी कोमेजते, बाजारातली जागा जाते आणि गिऱ्हाईक दुसऱ्याकडून घेऊन मोकळे होते. त्यात घाईने नोझल, पंप यांसारखे महागडे पार्ट बदलले आणि दोष टाकीच्या झाकणात निघाला, तर नुकसान दुप्पट होते.

या लेखात इंधन न मिळाल्याने बंद पडणाऱ्या गाडीचा दोष क्रमाने कसा शोधावा हे दिले आहे. माहिती प्रामुख्याने डिझेल पिकअप आणि ट्रॅक्टरसाठी आहे. सीएनजी व पेट्रोल गाड्यांसाठी वेगळा भाग शेवटी आहे.

थोडक्यात महत्त्वाचे

- गाडी कशी बंद पडली हे आधी आठवावे: हळूहळू ओढ सोडत की एकदम.
- तपासणी टाकीपासून सुरू करावी आणि इंजिनाकडे जावे. खर्चही याच क्रमाने वाढत जातो.
- सेल्फ मारताना सायलेन्सरमधून धूर येतो का ते पाहावे. अजिबात धूर नसेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचत नाही असे समजावे.
- कॉमन रेल इंजिनाचे उच्च दाबाचे पाइप रस्त्यावर कधीही सैल करू नयेत.
- पाण्यात बंद पडलेल्या गाडीला सेल्फ मारू नये.

आधी सुरक्षितता

इंजिन बंद पडले की पॉवर स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकला मिळणारी मदत एक-दोन वेळा पेडल दाबण्यापुरतीच उरते. त्यामुळे गाडी गचके खाऊ लागताच, वेग असेपर्यंत ती डाव्या बाजूला घ्यावी. उड्डाणपुलावर थांबण्यापेक्षा पूल उतरून बाजूला थांबता आले तर उत्तम. चारही इंडिकेटर लावावेत, मागे अंतर ठेवून परावर्तक त्रिकोण ठेवावा आणि सोबतच्या माणसांना रस्त्याकडेला उभे करावे. रहदारीच्या बाजूला बसून किंवा गाडीखाली शिरून काम करू नये. तलासरी ते दहिसर या राष्ट्रीय महामार्गाच्या पट्ट्यात १०३३ या क्रमांकावर मदत मागता येते. मुंबईच्या हद्दीत ११२ वर संपर्क करावा.

इंधनाचे काम करताना विडी-सिगारेट जवळ नसावी. सांडलेले डिझेल गरम सायलेन्सरवर पडू देऊ नये.

डिझेलचा मार्ग समजून घ्या

टाकीतून निघालेले डिझेल पुढील टप्प्यांतून जाते:

१. टाकी, तिचे झाकण आणि हवा आत येण्याची वाट
२. टाकीतील ओढणारी नळी आणि तिच्या तोंडाची जाळी
३. रबरी व धातूचे पाइप
४. फीड पंप (अनेक ट्रॅक्टरमध्ये टाकी उंचावर असल्याने डिझेल फिल्टरपर्यंत उताराने येते)
५. पाणी वेगळे करणारी वाटी आणि डिझेल फिल्टर
६. इंजेक्शन पंप किंवा कॉमन रेलचा उच्च दाबाचा पंप
७. नोझल आणि उरलेले डिझेल टाकीत परत नेणारा रिटर्न पाइप

पहिल्या पाच टप्प्यांत दाब कमी असतो. रस्त्यावर बंद पडलेल्या गाड्यांचे साधे दोष याच भागात सापडतात आणि ते शेतकऱ्याला स्वतः तपासता येतात. सहाव्या टप्प्यापासूनचे काम पंप-नोझलच्या कारागिराचे असते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. इंजिनाला आयडलला फार थोडे डिझेल लागते आणि भार पडला की मागणी कित्येक पटींनी वाढते. साधारण ४५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आयडलला तासाला जेमतेम लिटरभर डिझेल घेतो, तर पूर्ण भारावर ८ ते १० लिटर मागतो. अर्धवट तुंबलेल्या फिल्टरमधून आयडलपुरते डिझेल सहज येते. म्हणून दारात उभी गाडी उत्तम वाजते आणि कसारा घाटात किंवा भरल्या गाडीने पुलाच्या चढावर बंद पडते. ‘घरी तर चांगली चालत होती’ या अनुभवावरून फिल्टर चांगला आहे असे मानू नये.

संपणे आणि अडणे

विमान अपघातांच्या चौकशीत या दोन स्थितींना वेगवेगळी नावे आहेत: टाकी खरोखर रिकामी होणे ही एक आणि टाकीत इंधन असूनही ते इंजिनापर्यंत न पोहोचणे ही दुसरी. शेतकऱ्याने आपल्या गाडीबाबतही हाच भेद आधी करावा, कारण दोन्हींची लक्षणे सारखी असली तरी उपाय वेगळे आहेत.

डिझेल संपले आहे की नाही हे केवळ काट्यावरून ठरवू नये. टाकीतील तरंगता गोळा अडकतो किंवा त्याची पट्टी झिजते आणि काटा एकाच जागी राहतो. ट्रॅक्टरच्या टाकीत स्वच्छ, कोरडी काठी घालून पातळी पाहता येते. पिकअपमध्ये तोंडाची नळी वाकडी असल्याने काठी जात नाही. अशा वेळी शेवटचे डिझेल कधी, किती घातले आणि त्यानंतर किती किलोमीटर झाले याचा हिशेब करावा.

उदाहरणार्थ, एखादी गाडी रिकामी असताना लिटरला १४ किलोमीटर देते. तीच गाडी माल भरून, घाट चढून, मुंबईच्या कोंडीत उभी राहून १० किलोमीटरच देऊ शकते. ३० लिटर डिझेलवर १४ च्या हिशेबाने ४२० किलोमीटरचा भरवसा वाटतो, प्रत्यक्षात ३०० किलोमीटरवरच टाकी तळाला लागते. जाताना भरलेली आणि येताना रिकामी अशा फेऱ्यांत दोन्ही अॅव्हरेज वेगवेगळे लिहून ठेवावेत.

हिशेबाने शंका आली तर पाच लिटर डिझेल घालून पाहावे. ही सर्वांत स्वस्त चाचणी आहे आणि हे डिझेल वाया जात नाही. पातळी कमी असताना चढावर किंवा वळणावर टाकीतील डिझेल एका बाजूला जाते, ओढणारी नळी उघडी पडते आणि पाइपात हवा शिरते. त्यामुळे टाकीत चार-पाच लिटर असूनही गाडी बंद पडू शकते.

गाडी कशी बंद पडली?

मिस्त्रीला फोन करण्यापूर्वी पुढीलपैकी कोणते लक्षण दिसले ते ठरवावे.

- ओढ कमी होत, गचके खात बंद पडली. थोड्या वेळाने सुरू झाली: इंधन अडत आहे. टाकीच्या झाकणाची हवेची वाट, टाकीतील जाळी किंवा फिल्टर तपासावा. थांबल्यावर डिझेल हळूहळू झिरपून पुढे भरते, म्हणून गाडी पुन्हा सुरू होते.
- दर वेळी टाकी पाव भाग उरली की बंद पडते, भरली की ठीक चालते: टाकीतील ओढणारी नळी मध्येच चिरली असण्याची शक्यता असते. डिझेलची पातळी चिरेच्या खाली गेली की नळी हवा ओढते.
- सकाळी सुरू व्हायला वेळ लागतो, आयडल वर-खाली होतो, नंतर ठीक चालते: पाइपात हवा शिरत आहे. रात्रभरात डिझेल टाकीकडे परत उतरते.
- फिल्टर बदलल्यावर किंवा डिझेल संपल्यावर सुरूच होत नाही: इंजिनाने एअर घेतली आहे.
- चावी काढल्यासारखी एकदम बंद पडली: आधी विजेचा दोष पाहावा. फ्यूज, बॅटरीची टर्मिनल, पंपावरील सोलेनॉइड किंवा सेन्सर याला कारण असू शकते. काही सेन्सर गरम झाल्यावर बंद पडतात आणि थंड झाल्यावर चालतात. त्यामुळे ‘थोड्या वेळाने सुरू झाली’ एवढ्यावरून इंधनाचा दोष ठरवू नये. बंद पडण्याआधी गचके आले होते का, हा निर्णायक प्रश्न आहे.
- काळा धूर सोडत ओढ कमी झाली: इंधन मिळत आहे, हवा कमी पडत आहे. एअर फिल्टर पाहावा.
- तापमानाचा काटा वर गेला होता: इंजिन गरम झाले आहे. थंड होईपर्यंत रेडिएटरचे झाकण उघडू नये आणि सेल्फही मारू नये.

क्रमवार तपासणी

*पायरी १: बंद करण्याची नॉब आणि चावी.* जुन्या ट्रॅक्टरमध्ये इंजिन बंद करण्याची नॉब अर्धवट बाहेर राहते आणि पंपाचा पुरवठा तुटतो. ती पूर्ण आत ढकलावी. सोलेनॉइड असलेल्या गाडीत चावी चालू केल्यावर पंपाजवळ ‘टक’ असा आवाज येतो. तो आला नाही तर फ्यूज आणि वायर पाहावी.

*पायरी २: टाकीचे झाकण.* इंजिन बंद पडताच झाकण उघडावे. हवा आत ओढली जाऊन ‘फुस्स’ असा आवाज आला, तर हवेची वाट धुळीने बुजली आहे. डिझेल बाहेर जाते पण त्या जागी हवा येत नाही, त्यामुळे टाकीत ओढ निर्माण होते आणि डिझेल अडते. झाकण थोडे सैल ठेवून बाजूच्या रस्त्याने जवळचे ठिकाण गाठता येते, मात्र त्यावर स्वच्छ कापड बांधावे आणि डिझेल हिंदकळून बाहेर येत नाही याकडे लक्ष ठेवावे. हरवलेल्या झाकणाऐवजी प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधलेल्या गाड्यांमध्येही हाच दोष निर्माण होतो.

*पायरी ३: धूर.* एका माणसाने सेल्फ मारावा, दुसऱ्याने सायलेन्सरकडे पाहावे. पांढरा धूर येत असेल तर न जळालेले डिझेल बाहेर पडत आहे, म्हणजे ते सिलिंडरपर्यंत पोहोचले आहे. दोष मग कॉम्प्रेशन, हीटर प्लग किंवा टायमिंगमध्ये शोधावा लागतो. धूर अजिबात नसेल तर पुढच्या पायऱ्या कराव्यात. सेल्फ एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि मध्ये किमान एक मिनिट थांबावे. बॅटरी उतरली तर दोष सापडूनही गाडी सुरू होणार नाही.

*पायरी ४: पाइप आणि सांधे.* टाकीपासून फिल्टरपर्यंतचा पाइप हाताने आणि नजरेने तपासावा. फीड पंप ज्या बाजूने डिझेल ओढतो तिथे बारीक चीर असली तरी डिझेल बाहेर गळताना दिसेलच असे नाही, उलट हवा आत शिरते. म्हणून ‘गळत नाही, म्हणजे पाइप चांगला’ असे समजू नये. क्लिपजवळ चिरलेला, दबलेला किंवा चासीला घासलेला रबरी पाइप बदलावा. पाइपाला उंदरांनी कुरतडले आहे का तेही पाहावे. शेतातील शेडमध्ये उभ्या असलेल्या गाड्यांत हे घडते.

*पायरी ५: हँड प्रायमर.* फिल्टरवर किंवा फीड पंपावर हाताने दाबायचा प्रायमर असतो. दहा-वीस वेळा दाबल्यावर तो गच्च लागला तर डिझेल तिथपर्यंत भरले आहे. कितीही दाबला तरी सैलच राहिला तर टाकी रिकामी आहे, मागचा पाइप तुंबला आहे किंवा हवा शिरत आहे. दाबल्यावर पुन्हा फुगून वर येत नसेल तर टाकीकडून येणारी वाट अडली आहे.

*पायरी ६: पाण्याची वाटी आणि फिल्टर.* वाटीखालचा स्क्रू सैल करून थोडे डिझेल पारदर्शक बाटलीत घ्यावे आणि १५-२० मिनिटे स्थिर ठेवावे. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने तळाला स्वच्छ थर दिसतो. बाटलीत काळपट बुळबुळीत गाळ दिसला तर टाकीत पाणी बराच काळ साचले आहे आणि तिथे सूक्ष्मजीव वाढले आहेत. अशा वेळी फक्त फिल्टर बदलून उपयोग होत नाही, टाकी उतरवून धुवावी लागते.

*पायरी ७: डब्याची चाचणी.* ही चाचणी गावी पोहोचल्यावर, यांत्रिक पंप असलेल्या ट्रॅक्टर किंवा जुन्या गाडीवर करावी. स्वच्छ डब्यात गाळलेले डिझेल घेऊन तो फिल्टरपेक्षा उंच ठेवावा. टाकीकडून येणारा पाइप फिल्टरजवळ काढून तिथे डब्याचा पाइप जोडावा. रिटर्नही डब्यातच सोडावा. एअर काढून गाडी सुरू करावी. डब्यावर गाडी चांगली चालली आणि टाकीवर बंद पडली तर दोष टाकी, जाळी, मागचा पाइप किंवा पंपाची ओढ यांतच आहे. डब्यावरही तसेच झाले तर फिल्टर आणि त्यापुढचा भाग पाहावा. ही चाचणी केल्याशिवाय पंप उतरवण्यास संमती देऊ नये.

एअर काढणे: दोन प्रकारची इंजिने, दोन पद्धती

*यांत्रिक इंजेक्शन पंप:* टाकीत पुरेसे डिझेल असल्याची खात्री करावी. पहिल्या फिल्टरवरचा एअरचा स्क्रू सैल करून प्रायमर चालवावा. आधी फेस येतो, मग बुडबुडे, नंतर सलग धार. धार आली की प्रायमर दाबून धरूनच स्क्रू आवळावा. मग दुसरा फिल्टर आणि शेवटी पंपावरचा स्क्रू याच पद्धतीने करावा. तरीही सुरू झाले नाही तर नोझलकडील नट अर्धा फेरा सैल करून सेल्फ मारावा आणि डिझेल दिसताच आवळावा. यावेळी चेहरा आणि हात दूर ठेवावेत. सांध्यातील तांब्याचे वॉशर दबलेले असतील तर नवे घालावेत. जुन्या वॉशरमुळे काढलेली एअर पुन्हा आत येते.

*कॉमन रेल इंजिन:* १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकाच्या डिझेल पिकअपमध्ये ही रचना असते. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीपेक्षा मोठ्या ट्रॅक्टरना नवे उत्सर्जन मानक लागू झाल्याने अशा अनेक ट्रॅक्टरमध्येही ती आली आहे. जुन्या यांत्रिक पद्धतीत नोझल साधारण २०० बारच्या आसपास उघडते. कॉमन रेलमध्ये दाब १,००० बारच्याही वर जातो. गाडीच्या टायरमधील हवा ३-४ बार असते, यावरून अंदाज यावा. एवढ्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत जाते. जखम सुईच्या टोकाएवढी दिसली तरी ती गंभीर असते आणि ताबडतोब रुग्णालयात जावे लागते. म्हणून या इंजिनात फक्त फिल्टरवरचा प्रायमर गच्च होईपर्यंत दाबावा. टाकीत विजेचा पंप असेल तर चावी चार-पाच वेळा, प्रत्येक वेळी काही सेकंद, चालू-बंद करावी आणि मग सेल्फ मारावा. पुढचे काम संगणकीय तपासणी असलेल्या कारागिराकडेच द्यावे.

कॉमन रेल गाडी डिझेल संपेपर्यंत चालवण्याची सवय महागात पडते. उच्च दाबाच्या पंपाचे वंगण आणि थंडावा डिझेलमधूनच मिळतो. पंप कोरडा फिरला तर धातूची कीस सुटते आणि ती रेल व नोझलपर्यंत जाते. या इंजिनाचा नवा फिल्टर बसवताना तो ड्रममधील डिझेलने भरू नये. कोराच बसवून प्रायमरने भरावा, म्हणजे आत जाणारा प्रत्येक थेंब गाळला जातो.

ज्या बीएस-६ गाड्यांत डिझेलशिवाय डीईएफ या द्रावाची वेगळी टाकी असते, त्यांत तो द्राव संपल्यावर गाडीची ओढ मुद्दाम कमी केली जाते किंवा गाडी पुन्हा सुरू होत नाही. हे लक्षण डिझेल अडल्यासारखेच वाटते. डॅशबोर्डवरील दिवा पाहावा. डीईएफ चुकून डिझेलच्या टाकीत गेला असेल तर चावीही चालू करू नये, टाकी रिकामी करून घ्यावी.

पाणी आणि गाळ येतो कुठून?

- अर्धी रिकामी टाकी रात्रभर उभी राहिली की आतल्या दमट हवेतील वाफेचे पाणी होते. कोकण आणि मुंबईच्या हवेत हे जास्त घडते. काम संपल्यावर संध्याकाळी टाकी भरून ठेवावी.
- शेतावर ड्रममध्ये साठवलेले डिझेल तळापासून ओतू नये. ड्रम किंचित तिरका ठेवावा, हलवल्यानंतर काही तास स्थिर राहू द्यावा आणि वरचे डिझेल बारीक जाळीतून गाळून घ्यावे.
- फवारणीच्या औषधाचा डबा, खताची बादली किंवा ओला नरसाळा डिझेलसाठी वापरू नये.
- पेट्रोल पंपावर मापाची शंका आली तर पाच लिटरच्या प्रमाणित मापाने मोजून दाखवण्याची आणि गुणवत्तेची शंका आली तर घनता तपासून दाखवण्याची मागणी ग्राहक करू शकतो. बिल जपून ठेवावे.

घाटातून येणाऱ्या गाडीत हादऱ्यांनी टाकीचा गाळ ढवळला जातो आणि जाळीवर येऊन बसतो. म्हणूनच गावात चालणारी गाडी नेमकी लांबच्या फेरीत अडते.

पाण्यात बंद पडलेली गाडी: इथे सेल्फ मारू नका

विलेपार्ले आणि सांताक्रूझ यांच्यामधील मिलन सबवे आणि पुढचा अंधेरी सबवे पावसाळ्यात पाणी साचण्यासाठी मुंबईकरांच्या परिचयाचे आहेत. २६ जुलै २००५ रोजी जवळच्या सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली होती. तेवढा पाऊस रोज पडत नाही, पण तासभराच्या जोरदार सरीनेही सखल रस्ते भरतात.

साचलेल्या पाण्यात बंद पडलेली गाडी इंधनाअभावी बंद पडली असे गृहीत धरू नये. एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये गेले असेल तर ते दाबले जात नाही. अशा वेळी सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन खोलावे लागते. गाडी ढकलून बाहेर काढावी, एअर फिल्टरचा डबा उघडून ओल पाहावी आणि ओल दिसली तर टो करूनच न्यावी. पाणी किती खोल आहे याचा अंदाज नसेल तर भरलेली गाडी सबवेत घालू नये. उड्डाणपुलाचा लांबचा रस्ता स्वस्त पडतो.

सीएनजी आणि पेट्रोल गाड्या

मुंबई-ठाणे-पालघर पट्ट्यात सीएनजीवरील छोट्या मालवाहू गाड्या वाढल्या आहेत. १६ नोव्हेंबर २०२५ रोजी ट्रॉम्बे येथील आरसीएफच्या आवारात गेलच्या मुख्य वाहिनीचे नुकसान झाले. महानगर गॅसच्या वडाळा केंद्राचा पुरवठा त्यामुळे खंडित झाला आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबईतील अनेक सीएनजी पंप बंद पडले. ज्यांच्या पेट्रोलच्या टाकीत पुरेसे पेट्रोल होते त्यांना माल पोहोचवण्याचा दुसरा मार्ग होता. यावरून पुढील सवयी लावून घ्याव्यात:

- सीएनजी गाडीत पेट्रोलची टाकी कोरडी ठेवू नये. अनेक गाड्यांत पेट्रोल पंप टाकीतच असतो आणि तो पेट्रोलमुळेच थंड राहतो. फार कमी पेट्रोलवर पंप जळतो आणि गरजेच्या वेळी गाडी पेट्रोलवर जात नाही.
- रोज काही किलोमीटर गाडी पेट्रोलवर चालवावी, म्हणजे इंजेक्टर चिकटत नाहीत.
- बंद पडल्यावर इंधन बदलून पाहावे. पेट्रोलवर चालली आणि सीएनजीवर बंद पडली तर गॅसच्या बाजूचा दोष आहे. दोन्हींवर बंद पडली तर स्पार्क, वायरिंग किंवा सेन्सर पाहावा. गॅसचे सांधे स्वतः खोलू नयेत.
- आता मिळणाऱ्या ई२० पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. टाकीत पाणी शिरले तर इथेनॉल त्या पाण्यासह तळाला वेगळे होते आणि गाडी बंद पडते. पावसाळ्यात झाकणाचे रबर चांगले असावे.

गट आणि उत्पादक कंपन्यांसाठी: गाडीची नोंदवही

अवजार बँक किंवा उत्पादक कंपनीची गाडी अनेक चालक चालवतात. कोणी डिझेल घातले आणि फिल्टर कधी बदलला हे कोणालाच नक्की माहीत नसते. विस्तार कार्यकर्त्यांनी अशा गटांना गाडीत एक साधी वही ठेवायला सांगावी. तिच्यात पुढील नोंदी असाव्यात:

- तारीख, किलोमीटर किंवा तास, घातलेले लिटर, पंपाचे नाव
- फेरी भरलेली की रिकामी
- वाटीतून पाणी काढल्याची तारीख (पावसाळ्यात आठवड्यातून एकदा)
- फिल्टर बदलल्याची तारीख (अंतर गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे, डिझेल ड्रममधून येत असेल तर त्याआधी)
- गाडी बंद पडली तर: चढावर की सपाट रस्त्यावर, गचके खात की एकदम, टाकीची पातळी, धुराचा रंग, किती वेळाने सुरू झाली

शेवटची नोंद सर्वांत उपयोगी आहे. तीन वेळच्या नोंदी शेजारी ठेवल्या की दोष कोणत्या टप्प्यात आहे ते बहुधा कळते. ‘दर वेळी भरल्या गाडीने, चढावर, गचके खात’ असे लिहिलेले असेल तर मिस्त्री आधी जाळी आणि फिल्टर पाहील. ‘दर वेळी पाव टाकीला’ असे असेल तर तो थेट टाकीतील नळी काढेल. ‘गाडी मध्येच बंद पडते’ एवढेच सांगितले तर तो अंदाजाने पार्ट बदलत जाईल आणि त्याचा खर्च गटाच्या नफ्यातून जाईल.

लांबच्या फेरीपूर्वी

आदल्या संध्याकाळी टाकी भरावी, वाटीतील पाणी काढावे, झाकणाची हवेची वाट तोंडाने फुंकून पाहावी आणि पाइपांच्या क्लिपा हाताने तपासाव्यात. याला पंधरा मिनिटे लागतात. गाडीत एक नवा डिझेल फिल्टर, त्याचे वॉशर, दोन क्लिपा, हातभर डिझेलचा रबरी पाइप, पाने, फ्यूज, बॅटरी, पारदर्शक बाटली आणि परावर्तक त्रिकोण ठेवावा. माल मुंबईत पोहोचण्याची वेळ ठरलेली असेल तर निघण्याच्या वेळेत एक तास जादा धरावा. परतीच्या प्रवासाचे डिझेल शहराच्या कोंडीत शिरण्यापूर्वीच भरून घ्यावे.